नगररचनेचे तरुण अभ्यासक : पेण आणि रोहें

१९६५ सालीं ‘मार्ग’ या कलाविषयक इंग्रजी नियतकालिकांत मुंबईच्या वाढीसंबंधीं एक योजना प्रसिद्ध झाली. चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता हे स्थापत्यविशारद आणि शिरीष पटेल हे अभियंता, या तिघांनीं ती मांडली होती. कोरिया त्या वेळीं पस्तिशीचे. पटेल त्यांहूनहि लहान. मुंबई उत्तरेकडे लांबवीत न नेतां खाडीपलीकडे, पूर्वेस, नवें शहर वसवावें, हें त्यांचें म्हणणें. सरकारकडे तें गेलें होतेंच. पण छापून पुढें आल्यामुळें त्याची चर्चा झाली, आणि १९७० सालीं सिडको स्थापन होऊन नवी मुंबई आकारास येऊं लागली. तरुणांच्या अभ्यासाला असें भाग्य क्वचितच लाभतें.

परंतु ज्यांच्या भातशेतीवर व मिठागरांवर तें शहर उठावयाचें, त्या आगरी-कोळी गांवकऱ्यांच्या हातीं इंग्रजी नियतकालिक कोठून येणार? बहुतेकांना योजना कळली ती भूसंपादनाच्या नोटिशींतून. जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत जासई-नवघरच्या परिसरांत, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनांत, पोलिसांच्या गोळीबारानें पांच जणांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचें धोरण आलें तें त्यानंतर.

तीच वाढ आतां पेणच्या वेशीशीं आली आहे, आणि २०२४ च्या जानेवारींत शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतु खुला झाल्यावर तिचा वेग वाढणारच. २०११ च्या जनगणनेंत पेणची वस्ती सुमारें ३८ हजार, रोह्याची सुमारें २१ हजार. अशीं लहान शहरें नवशिक्या अभ्यासकाला सोपीं वाटतात. तीं तशीं नाहींत.

नगररचनेचा विद्यार्थी प्रथम जमिनीच्या चालू वापराचा नकाशा करतो. राहण्याच्या जागेला पिवळा रंग, कारखान्याला जांभळा, असे संकेत ठरलेले आहेत. पेणमध्यें गणपतीचे कारखाने पडवींत आणि अंगणांत चालतात. खालीं मूर्ति वाळत आहेत आणि वर कुटुंब राहत आहे, त्या घराला कोणता रंग द्यावयाचा? पिवळा दिला तर उद्यां धंदा बेकायदा ठरण्याची भीति. जांभळा दिला तर घरच नाहींसें होतें. शहराबाहेर खारजमीन आहे. तेथें बांध घालून भरतीचें पाणी अडवितात आणि पावसाचें पाणी ओहोटीच्या वेळीं उघाडीवाटे बाहेर सोडतात. एखाद्या रस्त्याच्या भरावानें उघाडीची वाट बुजली कीं पाणी शेतांत आणि घरांत तुंबतें. उघाडी कोठें आहे हें शेतकऱ्याला ठाऊक असतें; उपग्रहाच्या छायाचित्रांत ती ठिपक्याएवढीहि दिसत नाहीं.

रोह्याचा प्रश्न निराळा. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहें, दुसऱ्या तीरावर अष्टमी, आणि नगरपालिका एकच. भिऱ्याच्या वीजकेंद्रांतून सुटणाऱ्या पाण्यामुळें ही नदी उन्हाळ्यांतहि वाहती असते. जवळच धाटाव येथें रासायनिक कारखाने आहेत. त्या क्षेत्राचें नियोजन औद्योगिक विकास महामंडळाकडे. म्हणजे कामगार राहणार नगरपालिकेच्या हद्दींत आणि कारखान्याचा निर्णय होणार हद्दीबाहेर. ज्या अभ्यासकाचा नकाशा हद्दीच्या रेषेवर थांबतो, त्यानें रोहें अर्धेंच पाहिलें.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणें विकास-आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविल्या जातात. तरुणांचें संशोधन कामीं यावयाचें तर तें या मुदतीच्या आधीं, मराठींत, भिंतीवर लावण्याजोग्या नकाशासह गांवापुढें यावयास हवें. पदवीनंतर कपाटांत गेलेला प्रबंध हरकतदाराच्या काय उपयोगाचा?

पेणकरांना विचारलें तर ते बोलतात, याचा दाखला आहे. सप्टेंबर २००८ मध्यें महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रांतील २२ गांवांचें मत घेण्यांत आलें. धरणाचें पाणी आपल्या शेतांना मिळावयाचें आहे, हा गांवकऱ्यांच्या विरोधाचा एक मोठा आधार होता. तें भूसंपादन पुढें पुरें झालें नाहीं.