जनसंपर्क आणि सामाजिक परिवर्तन : ‘बेल बजाओ’ मोहिमेचा धडा

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. परंतु कायदा झाला म्हणजे समाजाची दृष्टी बदलतेच असे नाही. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२००५-०६) विवाह झालेल्या सुमारे ३७ टक्के महिलांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली होती. ‘तो त्यांच्या घरचा प्रश्न’ असे म्हणून शेजारी मात्र गप्प राहत.

हे मौन मोडण्यासाठी ‘ब्रेकथ्रू’ या स्वयंसेवी संस्थेने २००८ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाच्या सहकार्याने ‘बेल बजाओ’ ही मोहीम सुरू केली. ओगिल्व्ही अँड मेदर या जाहिरातसंस्थेने तिचे लघुपट तयार केले, तर अभिनेते बोमन इराणी तिच्याशी जोडले गेले.

या लघुपटांची कथा साधी आहे. बंद दारामागून मारहाणीचा आवाज येतो. ऐकणारा पुरुष किंवा मुलगा अस्वस्थ होतो, दारावरची घंटा वाजवतो आणि कपभर दूध किंवा चेंडू असे किरकोळ निमित्त सांगतो. शेजाऱ्यांना सारे ऐकू येते, हे मारणाऱ्याला तेवढ्यानेच कळते.

संवादतंत्राच्या दृष्टीने यात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, पीडितेच्या वेदनेचे प्रदर्शन टाळून तिची प्रतिष्ठा राखली गेली. दुसरी, पुरुषाला केवळ आरोपी न मानता बदलाचा भागीदार मानले गेले. तिसरी, प्रेक्षकाला उपदेशाऐवजी सहज करता येण्याजोगी एक कृती दिली गेली. दूरचित्रवाणीबरोबरच फिरत्या व्हिडिओ व्हॅनमधूनही हा संदेश लोकांपर्यंत पोहोचवण्यात आला.

या कृतीला कायद्याचाही आधार आहे. अधिनियमाच्या कलम ४ नुसार कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास हिंसाचाराची माहिती देऊ शकते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही.

या मोहिमेला २०१० मध्ये कान येथील जाहिरात महोत्सवात सिल्व्हर लायन पुरस्कार मिळाला. तथापि, सामाजिक मोहिमेचे यश पुरस्कारांवरून ठरत नाही. पाचव्या पाहणीनुसार (२०१९-२१) हिंसा सोसलेल्या महिलांपैकी केवळ १४ टक्के महिलांनी मदत मागितली होती. कथा मौन मोडू शकते. त्यानंतर पीडितेला प्रत्यक्ष आधार मिळण्यासाठी संरक्षण अधिकारी, निवारागृहे आणि १८१ ही महिला हेल्पलाइन तितकीच सक्षम असावी लागते. जनसंपर्क हा अशा यंत्रणेला पूरक ठरतो, पर्याय नव्हे.