केसांवरचा हुकूम : लेखांक सातवा

वयात येऊ लागलेल्या मुलीच्या वरच्या ओठावरील लव बहुधा तिच्या स्वतःच्या आधी दुसऱ्या कुणाच्या तरी दृष्टीस पडते. लग्नकार्यात भेटलेल्या एखाद्या आत्याच्या, वर्गातील मैत्रिणीच्या, किंवा भुवया कोरून घेण्यासाठी ती प्रथमच पार्लरात गेली असता तेथील ताईच्या. आणि त्यांपैकी कुणीतरी सहज उच्चारलेले ‘अप्पर लिप पण करून घे’ हे वाक्य तिच्या पुढील सबंध तारुण्यात दर पंधरवड्याने परत येणारा एक तगादा होऊन बसते. मुचकुंदी नदी जेथे समुद्रास मिळते त्या मुखाशी, लहानशा किल्ल्याच्या आश्रयाने वसलेल्या पूर्णगडात राहून मी ही लेखमाला लिहीत आहे. तेव्हा हा तगादा केवळ मुंबई-पुण्यापुरता आहे असे ज्यांस वाटत असेल त्यांनी पावसहून रत्नागिरीस जाणाऱ्या एस.टी.त कॉलेजच्या मुलींचे बोलणे थोडा वेळ ऐकावे, म्हणजे हातापायांचे वॅक्सिंग हा खर्चाचा कसा ठरीव विषय झाला आहे ते ध्यानी येईल.

या विषयात प्रथम शरीराचे म्हणणे ऐकून घेणे न्याय्य होईल. मनुष्याच्या अंगावर सुमारे ५० लक्ष केशमुळे असतात, आणि त्यांची संख्या स्त्री व पुरुष यांत जवळपास सारखीच असते. भेद असतो तो केसांच्या जातीचा. बहुतेक अंगावर जी मऊ, आखूड आणि फिकट लव असते तिचे वयात येताना काही भागांत जाड, काळ्या केसांत रूपांतर होते, आणि हे रूपांतर ज्या अँड्रोजन संप्रेरकांमुळे घडते ती पुरुषांत पुष्कळ व स्त्रियांत थोडी, परंतु दोघांतही असतातच. काखेतील केस ही मुलगी स्त्री होत असल्याची शरीराने दिलेली साक्ष होय. ज्या लक्षणाने शरीर आपली परिपक्वता जाहीर करते तेच लक्षण अस्वच्छतेचे मानावे, ही समजूत शरीरशास्त्रात कोठेही नाही. ती अन्यत्र निर्माण झाली आहे.

ती कोठे निर्माण झाली याचा एक दाखला निश्चित सापडतो. अमेरिकेत बिनबाह्यांचे पोशाख रूढ होऊ लागले त्या सुमारास, १९१५ साली, जिलेट कंपनीने खास स्त्रियांसाठी वस्तरा बाजारात आणला, आणि काखेतील केस हे लाजिरवाणे असल्याची जाहिरात तेथील नियतकालिकांतून सुरू झाली. पुढे दुसऱ्या महायुद्धात नायलॉनचे मोजे मिळेनासे झाले, पाय उघडे पडले, आणि वस्तऱ्यास पायांचाही इलाखा मिळाला. आपल्याकडे सौंदर्यासाठी केस काढण्याची रीत मुळीच नव्हती असे नाही. तान्ह्या बाळाच्या अंगावरील लव कणकेच्या गोळीने काढण्याचा दस्तुर घरोघर होता, आणि डाळीचे पीठ व हळद लावून अंग चोळणे ही तर न्हाण्याची नित्याची वहिवाट. तथापि गुडघ्यापर्यंत कासोटा घालून भाताची लावणी करणाऱ्या किंवा ओहोटीच्या वेळी खाडीत उतरून कालवे काढणाऱ्या आमच्या कोकणी बायांचे पाय सगळ्या गावाला दिसत असत, आणि त्या पायांवरील केसांविषयी कुणी काही बोलल्याचे मी कधी ऐकलेले नाही.

मात्र स्त्रीच्या केसांवर समाजाने हुकूम चालवण्याची गोष्ट या जिल्ह्याला नवी नाही, आणि त्या हुकमाविरुद्ध उभे राहण्याचीही नाही. म्हणून येथे मला थोडे रेंगाळावेसे वाटते. संगमेश्वर तालुक्यातील देवरुखच्या जोशी घराण्यात दोन बहिणी होत्या. थोरली गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झाली, पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली, आणि १८९३ साली दापोली तालुक्यातील मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. त्यापायी मुरुड गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला, ही हकीकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. धाकटी पार्वतीबाई आठवले हिला विसाव्या वर्षी वैधव्य आले, आणि त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबांतील रीतीप्रमाणे तिचे केशवपन झाले. केवळ पती निवर्तला म्हणून स्त्रीने आयुष्यभर न्हाव्यापुढे मस्तक नमवावे, आणि तसे न केल्यास तिच्या हातचे पाणीसुद्धा वर्ज्य मानावे, असा हा दंडक होता. आगरकरांनी ‘सुधारका’तून त्यावर प्रखर टीका केली, तरी घराघरांत तो चालूच राहिला.

पार्वतीबाई पुढे कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात आल्या, तेथील स्वयंपाकघर व व्यवस्था त्यांनी सांभाळली, आणि वर्गणी गोळा करीत गावोगाव हिंडल्या. सोवळ्या विधवेचे म्हणणे सनातनी घरांतही ऐकून घेतले जाते याचा उपयोग त्यांना त्या कामात होत असे. तरीही चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी वपन बंद करून केस वाढू दिले, आणि पुढे १९१८ साली त्या आश्रमाच्या कार्यासाठी अमेरिकेस गेल्या. १९२८ साली ‘माझी कहाणी’ हे आत्मवृत्त त्यांनी प्रसिद्ध केले. या चरित्रात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, केस वाढविणारी ही स्त्री शृंगारासाठी किंवा दुसऱ्या विवाहासाठी केस वाढवीत नव्हती. आपल्या मस्तकावर काय असावे याचा निर्णय आपला आहे, एवढेच तिला प्रस्थापित करावयाचे होते, आणि तेवढ्यासाठी इतक्या वर्षांची मान्यता धोक्यात घालण्यास ती सिद्ध झाली.

या लढ्यात आणखी एक बाजू होती, आणि ती आज फार थोड्यांच्या स्मरणात आहे. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून, विधवांचे वपन आपण यापुढे करणार नाही असा ठराव केला. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा त्यामागे होती. ज्यांच्या हातातील वस्तऱ्याने तो हुकूम अमलात येत होता, त्यांनीच तो बजावण्याचे नाकारले. आणि हे करणारे लोक त्या वस्तऱ्यावरच पोट भरणारे होते, ही गोष्ट मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा थोर वाटते.

वपन आणि वॅक्सिंग यांस मी एका तागडीत घालीत नाही. एक क्रौर्य होते, आणि ते असहाय मुलींवर लादले जात होते. दुसरे पुष्कळ स्त्रियांना मनापासून आवडते, गुळगुळीत हातांवर साडीचा पदर सरकतो तेव्हा त्यांना प्रसन्न वाटते, आणि त्या प्रसन्नतेचा जाब विचारण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. परंतु एखादी गोष्ट खुशीची आहे की सक्तीची आहे हे ठरविण्याची एकच कसोटी मला विश्वासार्ह वाटते : ती न केल्यास काय होते? केस न काढता बिनबाह्यांचा कुर्ता घालून कॉलेजात जाणाऱ्या मुलीला कुजबूज ऐकावी लागत असेल, आणि स्थळ पाहण्यास आलेल्या मंडळींपैकी कुणी तिच्या हनुवटीकडे निरखून पाहत असेल, तर केस काढणाऱ्या मुलीची खुशीही पूर्ण खुशी राहत नाही. नाकारण्याची मुभा असेल तरच पसंती ही पसंती होय. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून शरीराविषयी निःसंकोच लिहिण्याची जी वाट पाडली, तिच्यावरून आपण अजून फारसे पुढे गेलेलो नाही.

एक सावधगिरी मात्र अवश्य सांगितली पाहिजे. हनुवटी, छाती, बेंबीखालचा भाग येथे जाड केस येत असतील, आणि त्याबरोबर पाळी अनियमित होत असेल, तर तो सौंदर्याचा प्रश्न न मानता वैद्याचा मानावा. पाळीच्या वयातील दर दहा स्त्रियांमागे साधारण एकीला आढळणारा पीसीओएस हा विकार बहुधा त्यामागे असतो, आणि त्याचा संबंध मधुमेहाशीही पोहोचतो. आवाज घोगरा होऊन केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, तर मुळीच विलंब करू नये. याच्या उलट, केवळ अंगावर लव आहे एवढ्यावरून मुलीला रोगी ठरवणेही चूक आहे. वंशपरत्वे केसांचे प्रमाण बदलते, आणि दक्षिण आशियातील निरोगी स्त्रियांत ते पुष्कळदा अधिकच असते.

केस काढावयाचेच असतील तर काय पत्करावे, याविषयी थोडक्यात सांगतो. वस्तऱ्याने केस दाट होतात ही समजूत खरी नाही. कापलेले टोक बोथट असल्याने ते राठ लागते, इतकेच. लेसरचा प्रकाश केसातील काळ्या रंगद्रव्यात शिरून उष्णता निर्माण करतो. आपल्या सावळ्या त्वचेतही तेच द्रव्य असल्यामुळे अननुभवी हातांनी चटके बसून डाग पडतात, म्हणून १०६४ नॅनोमीटर लांबीच्या लहरी वापरणारे यंत्र आणि रीतसर शिकलेला त्वचारोगतज्ज्ञ यांचाच आग्रह धरावा. चेहऱ्यावरील मऊ लवेवर लेसर मारल्याने ती कधीकधी कमी होण्याऐवजी वाढते, हेही आधी विचारून घ्यावे. क्रीम वापरण्यापूर्वी कोपराच्या आत थोडेसे लावून एक दिवस थांबावे.

आता माता, मावश्या आणि आत्या यांस एक विनंती. मुलीच्या ओठावर किंवा हातावर केस दिसले, तर त्याविषयी पहिला शब्द तिला काढू द्या. तिने विचारले तर वरील सगळी माहिती द्या आणि निर्णय तिचा तिला करू द्या; तिने विचारले नाही, तर कृपा करून आपणही बोलू नका.