कंटेनरमधील हलकी लिनक्स प्रणाली आणि मराठी वर्णक्रम

भिलाई - पोलाद कारखान्यामुळे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे या शहरात स्थायिक झाली; त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. आता येथे आयआयटी आहे. तिच्या कुटेलाभाठा येथील परिसराचे २० फेब्रुवारी २०२४ रोजी लोकार्पण झाले. येथील एखाद्या विद्यार्थ्याने मराठी नावांची यादी ‘अल्पाइन लिनक्स’च्या कंटेनरमध्ये वर्णक्रमाने लावली, तर ‘क्षमा’ हे नाव ‘खंडेराव’च्या आधी आलेले दिसेल. मराठी वर्णमालेत मात्र क्ष आणि ज्ञ अगदी शेवटी येतात. असे का घडते?

कंटेनर म्हणजे स्वतंत्र संगणक नव्हे. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे वेगळी, चुली वेगळ्या, पण आड एकच असे. त्याप्रमाणे सर्व कंटेनर यजमान संगणकाचा एकच कर्नल वापरतात. फायली आणि प्रक्रिया तेवढ्या वेगळ्या राहतात. २०१३ मध्ये आलेल्या ‘डॉकर’ने ही पद्धत सर्वत्र रूढ केली. नातानाएल कोपा यांनी २००५ मध्ये सुरू केलेली अल्पाइन प्रणाली त्यासाठी सोयीची ठरली, कारण तिची मूळ प्रतिमा १० मेगाबाइटपेक्षाही लहान आहे. साध्या लॅपटॉपवरही ती क्षणात सुरू होते.

हा हलकेपणा काही गोष्टी वगळूनच साधलेला आहे. अल्पाइनने २०१४ मध्ये स्वीकारलेले ‘मसल’ हे सी-ग्रंथालय भाषावार वर्णक्रम जाणत नाही. ते अक्षरांचे केवळ सांकेतिक क्रमांक पाहते. युनिकोडमध्ये क्ष हे क, हलन्त आणि ष असे साठवले जाते, म्हणून ते क-वर्गातच राहते. ‘ळ’सुद्धा ‘ह’नंतर न येता ‘ल’पाठोपाठ येतो. मराठीचे नियम ‘आयसीयू’ या संचात आहेत (रुग्णालयाशी त्याचा संबंध नाही!). परंतु मे २०२२ मधील ३.१६ आवृत्तीपासून त्यात मुळात केवळ इंग्रजीची माहिती दिली जाते. इतर भाषांसाठी ‘आयसीयू-डेटा-फुल’ हे पॅकेज वेगळे घ्यावे लागते. देवनागरी फाँटही आपणच बसवावा लागतो, अन्यथा पीडीएफमध्ये अक्षरांऐवजी चौकटी उमटतात.

यादीचा क्रम बिघडला तर तो डोळ्यांना दिसतो. डेटाबेसमधील बिघाड दिसत नाही, आणि तोच अधिक गंभीर आहे. डेबियनवर तयार झालेल्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या फायली जशाच्या तशा अल्पाइनच्या कंटेनरमध्ये उघडल्या, तर जुना इंडेक्स आणि नवा क्रम जुळत नाहीत. नोंद असूनही शोधात सापडत नाही, असे होऊ शकते. अशा स्थलांतरानंतर मजकुरावरील सर्व इंडेक्स नव्याने बांधावेत, किंवा डेबियनचीच ‘स्लिम’ प्रतिमा वापरावी. ती आकाराने मोठी असली, तरी तिच्यात जुने सी-ग्रंथालय कायम राहते.