पूर आला की जबाबदारी कुणाची? सरकारची की आपली?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत असतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? पंचगंगेची ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्या. दोन्ही वेळा सोशल मीडियावर दोन गट पडले. एक म्हणाला, सरकार झोपलं होतं. दुसरा म्हणाला, सांगूनही लोक घर सोडत नाहीत, त्याला सरकार काय करणार?

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली आला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. आराखडा बनवणं, इशारा देणं, लोकांना हलवणं आणि छावणीत अन्न, पाणी, औषधोपचार पुरवणं ही कामं सरकारी यंत्रणेची आहेत. पण घर सोडायला सांगितल्यावर विनाकारण नकार देणाऱ्यालाही याच कायद्यात शिक्षा आहे. म्हणजे कागदावर दोघंही बांधलेले आहेत.

मग लोक का हलत नाहीत?

कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांचं उदाहरण घ्या. १९८९ च्या पुरानंतर या गावांना सोनतळीला उंचावर जागा मिळाली. तरीही बरीच घरं जुन्या गावातच राहिली. बाहेरच्याला हा हट्ट वाटतो. पण शेती नदीकाठी, गोठा गावात आणि नवं घर बांधायचं तर पैसा हवा. नुसता प्लॉट देऊन पुनर्वसन होत नाही.

जनावरांचंही तसंच. दावणीला दोन म्हशी असलेला माणूस एकट्याने छावणीत जाणार नाही, कारण दुधाचा पगार हेच अनेक घरांचं रोख उत्पन्न असतं. जनावरांसाठी चारा आणि निवारा नसेल, तर ‘घर सोडा’ हा आदेश अर्धाच असतो. ‘लोक ऐकत नाहीत’ असं म्हणून हात झटकणं म्हणूनच सोपं आहे, खरं नाही.

८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळमध्ये बोट उलटली आणि डझनभराहून जास्त माणसं बुडाली. बोट ग्रामपंचायतीची होती आणि क्षमतेपेक्षा जास्त लोक तिच्यात बसले होते. चूक बसणाऱ्यांची? पाणी चढत असताना दुसरी बोट कधी येईल याची खात्री नसेल, तर समोरच्या बोटीत कुणीही चढेल. बोटी किती आणि कुठे ठेवायच्या, हे पूर यायच्या आधी ठरवायचं असतं, आणि ते काम गावकऱ्याचं नाही.

निळी रेषा, लाल रेषा

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. शहरात इथेच खरी गफलत होते. बांधकामाला परवानगी पालिका देते, फ्लॅट बिल्डर विकतो आणि पाणी शिरतं ते घेणाऱ्याच्या घरात. बुकिंगची रक्कम देण्याआधी पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन प्लॉट कोणत्या रेषेत येतो हे विचारता येतं. कंटाळवाणं काम आहे, पण मॉड्युलर किचनपेक्षा महत्त्वाचं.

बाकी आपल्या हातात काय? दोन्ही पुरांत पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला आणि शहराला पाणी देणारी उपसा केंद्रं बुडाली. चोहीकडे पाणी, पण नळ कोरडे. त्यामुळे दोन-तीन दिवसांचं पिण्याचं पाणी, नेहमीची औषधं, चार्ज केलेली पॉवर बँक आणि प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रं, एवढी तयारी प्रत्येक घर करू शकतं. आठवडाभराची मात्र नाही. दोन खोल्यांच्या घरात आठवड्याचं पाणी साठवणार कुठे? तिथून पुढे टँकर हवाच. आणि निघायचं तर इशारा पातळीलाच, कारण धोका पातळी येईपर्यंत रस्ता राहीलच असं नाही.

पैशांचा मुद्दा बहुतेकांना उशिरा कळतो. सरकार देतं ती ‘मदत’ असते, पूर्ण नुकसानभरपाई नाही. रक्कम ठरलेल्या निकषांवर मिळते आणि निकष कधीकधी चीड आणणारे असतात. २०१९ मध्ये घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असेल तरच मोफत धान्य, या अटीवर चांगलाच गदारोळ झाला होता. घराचा विमा असेल तर उरलेला खड्डा काही प्रमाणात भरतो. चिखल काढायच्या आधी भिंतीवरची पाण्याची खूण आणि खराब झालेल्या सामानाचे फोटो काढून ठेवा. पंचनाम्याला आणि विमा कंपनीला, दोन्हीकडे ते उपयोगी पडतात.

आणि ‘धरण फुटलं’ असा मेसेज आला तर फॉरवर्ड करण्याआधी १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला विचारा. आपत्तीबाबत खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण केली, तर याच कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.