मोटारीचें इंजिन आणि स्वस्तांतला लॅपटॉप

श्रोतेहो, गेल्या उन्हाळ्यांत एके दिवशीं माझा भाचा भर दुपारीं घरीं आला आणि पाण्याचा पेला खालीं ठेवण्यापूर्वींच म्हणाला, "मामा, पंच्याहत्तर हजारांचा लॅपटॉप हप्त्यानें घ्यावयाचा आहे. बाबांच्या कानावर तेवढें तुम्हींच घाला." मुलगा यंत्रशास्त्राची पदविका घेतलेला, नाशकांतील एका गॅरेजांत दोन वर्षें हात काळे करून आतां मोटारींच्या इंजिनांचें ट्यूनिंग करण्याचा स्वतंत्र व्यवसाय त्यास आरंभावयाचा होता. वडील निवृत्त, घरांत धाकट्या बहिणीचें शिक्षण चालू, आणि हप्ता महिन्याच्या महिन्याला उभा राहणारा! मी पडलों मॅट्रिक झालेला शाळामास्तर. परंतु चौतीस वर्षें मुलांना गणित शिकविल्यामुळें, उत्तर लिहिण्यापूर्वीं उदाहरणांत काय विचारलें आहे तें पाहावें, एवढी एक खोड मला जडलेली आहे. मीं त्यास म्हटलें, "बाबा रे, हप्त्याचें मागाहून पाहूं. हें यंत्र तुझ्या कामांत नक्की काय करणार, तें आधीं मला समजावून सांग." पुढें पंधरा दिवस आम्ही दोघे रोज संध्याकाळीं बसत होतों. त्यांतून मला जें उमगलें तें आज आपल्यापुढें ठेवतों. कारण असा हट्ट आज पुष्कळ घरांतून धरला जातो, आणि त्यास नुसतें 'हो' किंवा नुसतें 'नाहीं' म्हणणें हीं दोन्हीं सारखींच अविचाराचीं उत्तरें होत.

प्रथम ट्यूनिंग म्हणजे काय तें पाहूं. गवई बैठकीस बसण्यापूर्वीं तंबोरा लावतो. तार फार ताणली तर सूर चढतो, ढिली सोडली तर उतरतो. इंजिनाचेंही तसेंच आहे. पेट्रोलच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा मिळाली म्हणजे ज्वलन पुरें होतें. पेट्रोल अधिक झालें तर धूर होतो व इंधन वायां जातें; फार कमी झालें तर इंजिन तापतें, कुरकुरतें आणि प्रसंगीं त्याच्या पिस्टनास इजा होते. मिश्रणाबरोबरच ठिणगी कोणत्या क्षणीं पडावी हेंही साधावें लागतें. १९८३ च्या डिसेंबरांत मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हां तिच्यांत कार्बुरेटर होता, आणि मिस्त्री कान लावून व स्क्रू फिरवून हें मिश्रण जुळवीत असे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर आहे. येथील हवा मुंबईहून शेंकडा पांचसहा अंशांनीं विरळ. म्हणून मुंबईच्या हवेवर नेमकी जुळविलेली कार्बुरेटरची गाडी कसारा घाट चढून वर आली कीं तिचें मिश्रण थोडें पेट्रोलकडे झुके.

पुढें इ. स. २००० च्या सुमारास धुराविषयींचे नियम कडक झाले आणि पेट्रोलच्या मोटारींत इंजेक्टर व त्यांवर हुकमत चालविणारा छोटा संगणक आला. त्यास ई.सी.यू. म्हणतात. हा विषय नाशिककरांस परका वाटण्याचें कारण नाहीं. सातपूरच्या ज्या कारखान्यास आपले जुने लोक अजून 'मायको' म्हणूनच ओळखतात, त्या बॉशच्या कारखान्यांत डिझेल इंजिनांचे इंजेक्टर व नोझल तयार होतात; आणि महिंद्रांच्या नाशिक येथील कारखान्यांतून निघालेल्या गाड्या देशभर धांवत आहेत.

आतां या ई.सी.यू.च्या पोटांत काय असतें? आपण मुलांकडून पाठ करून घेतों तसें एक कोष्टक असतें! उभ्या बाजूस इंजिनाच्या फेऱ्या, आडव्या बाजूस इंजिनावरील भार, आणि जेथें दोहोंची गांठ पडते त्या घरांत इंधनाचा आंकडा. मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनो या हौशी कारागिरांत प्रसिद्ध असलेल्या ई.सी.यू.मध्यें असें कोष्टक सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ घरांचें असतें. ठिणगीसाठीं दुसरें तसेंच कोष्टक. ट्यूनिंग करणारा मनुष्य लॅपटॉप जोडून हीं घरें वाचतो, गाडी चालत असतांना मिश्रण कसें आहे त्याची नोंद घेतो आणि चुकलेले आंकडे सुधारतो. एवढाच हा खटाटोप.

येथेंच माझ्या भाच्याची पहिली चूक ध्यानांत आली. त्याची समजूत अशी कीं, इंजिन वेगवान, तेव्हां लॅपटॉपही वेगवान पाहिजे. हिशेब करून पाहूं. चार सिलिंडरचें इंजिन मिनिटास ६००० फेरे घेत असेल तर सेकंदास १०० फेरे झाले. चार धांवांच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरमध्यें दोन फेऱ्यांस एक ठिणगी पडते. म्हणजे चोहोंत मिळून सेकंदास २०० ठिणग्या. पण या ठिणग्या पाडणें हें काम लॅपटॉपचें नव्हेच. तें गाडींतला ई.सी.यू. करतो. लॅपटॉप हा केवळ वही घेऊन शेजारीं बसलेला कारकून आहे. आणि त्या वहींत तरी किती लिहावयाचें? वीस निरनिराळीं मोजमापें सेकंदास दहा वेळां टिपलीं, तर एका तासांत ७,२०,००० आंकडे होतात. प्रत्येक आंकड्यास सहा अक्षरें धरलीं तरी तें सारें पांच मेगाबाइटांच्या आंत मावतें. आजच्या मोबाइलवर काढलेलें एखादें छायाचित्रच तेवढी जागा घेतें! मग ज्या महागड्या यंत्राची किंमत त्यांतील खेळांच्या चित्रांसाठीं बसविलेल्या भागामुळें वाढली आहे, तें या कामीं घेणें म्हणजे नाकापेक्षां मोतीं जड करून घेणें होय.

मग पाहावयाचें काय? पहिला नियम असा कीं, लॅपटॉपची निवड सर्वांत शेवटीं करावी. आधीं कोणत्या गाड्यांवर काम करावयाचें तें ठरवावें; त्यांना कोणतें सॉफ्टवेअर लागतें तें पाहावें; तें सॉफ्टवेअर कोणत्या जोडणीच्या उपकरणावर चालतें तें विचारावें; आणि मग त्या तिघांना मानवेल असें यंत्र शोधावें. आधीं कुलूप पाहावें, नंतर किल्ली. भारत स्टेज ४ चे नियम २०१० पासून टप्प्याटप्प्यानें लागू झाले, त्यांबरोबर गाडींतील दोष गाडीनेंच नोंदविण्याची ओ.बी.डी. ही व्यवस्थाही आली. तिची सोळा छिद्रांची जोडणी बहुधा स्टिअरिंगच्या खालीं असते. जुन्या गाड्यांशीं एका तारेवरून संभाषण चालतें, नव्यांशीं दोन तारांच्या 'कॅन' पद्धतीनें. बाजारांत मिळणारे स्वस्त ब्लूटूथ ठोकळे दोष वाचण्यास ठीक असतात, परंतु ई.सी.यू.मध्यें नवें लिखाण करण्याच्या कामीं त्यांवर विसंबूं नये.

या क्षेत्रांतील बहुतेक सॉफ्टवेअर विंडोजसाठीं लिहिलेलें असतें. कांहीं, उदाहरणार्थ ट्यूनरस्टुडिओ, मॅक व लिनक्स यांवरही चालतें. पण व्यवसाय करणाऱ्यानें विंडोजचेंच यंत्र घ्यावें, आणि क्रोमबुक नांवाचा प्रकार स्वस्त दिसला तरी या कामासाठीं घेऊं नये. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली. म्हणून जुना लॅपटॉप घेतांना तो विंडोज ११ वर चालण्याजोगा आहे ना, हें विचारावें. इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणें आठव्या किंवा पुढच्या पिढीचा असावा. मात्र जुन्या गाड्यांच्या कांहीं उपकरणांचे ड्रायव्हर जुन्या ३२ बिटांच्या विंडोजवरच चालतात, आणि विंडोज ११ केवळ ६४ बिटांची आहे. तसें काम पुष्कळ असेल तर त्यासाठीं एक जुनाट यंत्र वेगळें ठेवावें व त्यास इंटरनेट जोडूं नये.

आतां दुकानांत करावयाच्या परीक्षा. कचेऱ्यांतून वापरून काढलेले, मजबूत बांधणीचे चौदा इंची लॅपटॉप दुरुस्त करून विकणारीं दुकानें आपल्याकडे आहेत. थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड या जातींचीं यंत्रें तेथें सांपडतात. पहिली परीक्षा उन्हाची. यंत्र चालू करून दुकानाबाहेर उजेडांत न्यावें. आंकडे वाचतां आले पाहिजेत. पडदा चकचकीत नसावा, मंद पृष्ठाचा असावा. दुसरी परीक्षा बॅटरीची. विंडोजमध्यें बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय आहे. त्यांत मूळ क्षमता व आजची क्षमता शेजारीं शेजारीं दिसतात. आजची निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीची किंमत हिशेबांत धरावी. तिसरी परीक्षा डिस्कची. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क खड्ड्यांच्या रस्त्यावर धक्के खाते, एस.एस.डी.मध्यें फिरणारा भागच नसतो, म्हणून तीच असावी. मेमरी ८ जीबी पुरेशी. चौथी परीक्षा जोडणीची. नेहमींचीं रुंद यू.एस.बी. छिद्रें निदान दोन असावींत आणि त्यांत तार घट्ट बसावी. हालवितांच जोडणी तुटत असेल तर तें यंत्र परत ठेवावें. जुन्या सीरियल जोडणीसाठीं मध्यस्थ तार घ्यावी लागली, तर ती अस्सल चिपची घ्यावी. २०१४ सालीं एफ.टी.डी.आय. या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरनें नकली चिपा निकामी केल्या होत्या, ही गोष्ट या धंद्यांतले लोक अद्याप विसरलेले नाहींत.

बॅटरीविषयीं मी इतकें कां बोलतों, तें सांगतों. भाच्यानें गेल्या वर्षीं मित्राचा लॅपटॉप मागून आणून एका ओळखीच्या माणसाच्या गाडींत नवें कोष्टक लिहावयास घेतलें. लिखाण अर्ध्यावर आलें आणि लॅपटॉप निजला! पुन्हा जागा केला तों गाडी मुकी झालेली. अर्धवट लिहिलेला ई.सी.यू. म्हणजे अर्धवट पुसलेला फळा. जुनें वाचतां येत नाहीं, नवें पुरें झालेलें नाहीं. गाडी तीन दिवस उभी राहिली, ई.सी.यू. बाहेर काढून दुरुस्त करवावा लागला, आणि अकरा हजार रुपये त्यानें आपल्या पगारांतून भरले. ही गोष्ट त्यानें घरीं सांगितली नव्हती. ती मला दहाव्या संध्याकाळीं कळली. महाग यंत्राचा हट्ट कोठून आला, हेंही तेव्हांच कळलें. तो म्हणाला, "मामा, पुन्हा तसें होऊं नये म्हणून चांगला लॅपटॉप पाहिजे." मीं विचारलें, "पंच्याहत्तर हजारांचा लॅपटॉप निजत नाहीं काय?" तो गप्प बसला, आणि मग हंसला.

लिखाणापूर्वीं करावयाच्या गोष्टींस पैसा फारसा लागत नाहीं. निद्रेची सोय व आपोआप होणारीं अद्ययावतीकरणें थांबवावींत. लॅपटॉप पूर्ण भरलेला असावा. गाडीच्या बॅटरीस स्थिर विजेचा आधार जोडावा, कारण त्या वेळीं किल्ली चालू असते व इंजिन बंद, आणि विजेचा दाब खालीं गेला तरी लिखाण फसतें. सर्वांत आधीं मूळ कोष्टकाची प्रत काढून दोन ठिकाणीं जपून ठेवावी. आणि चालत्या गाडींत एकानेंच स्टिअरिंग व कळफलक दोन्ही सांभाळण्याचें धाडस कधींही करूं नये. चालविणारा वेगळा, नोंदी पाहणारा वेगळा.

एक गोष्ट कायद्याचीही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें, नोंदणीपत्रांतील तपशील मूळ निर्मात्याच्या तपशिलाशीं विसंगत होतील असा बदल करण्यास मनाई आहे. आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें या कलमाचा अर्थ कडकपणेंच लावला. धूर शुद्ध करणारे भाग बंद पाडून शक्ति वाढविण्याची विद्या ज्यास शिकावयाची असेल त्यानें तो मार्ग सोडावा. नव्या गाडीची हमीही अशा फेरफारानें धोक्यांत येते, हें गिऱ्हाइकास आधीं स्पष्ट सांगावें. बिघडलेलें इंजिन मूळ सुरावर आणणें, शर्यतीच्या मैदानापुरत्या गाड्या जुळविणें, महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या गाड्यांना मदत करणें, एवढें क्षेत्रही लहान नाहीं.

अखेरीस आम्ही दोघे जाऊन एकवीस हजारांचा एक वापरलेला लॅपटॉप घेऊन आलों. दुकानदारास आम्हीं यंत्र उन्हांत नेलेलें पाहून नवल वाटलें. उरलेल्या रकमेपैकीं कांहीं भागांत मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर आणि बॅटरीस आधार देणारें उपकरण आलें. हप्ता कोठेंच नाहीं. म्हणून मेव्हण्यांच्या कानावर घालण्याचें काम मला करावें लागलें नाहीं. त्या अकरा हजारांची हकीकत मात्र भाच्यानें स्वतःच वडिलांना सांगितली.

श्रोतेहो, मुलें यंत्र मागतात तेव्हां त्यांच्या मागणींत पुष्कळदां एखादी भीति दडलेली असते. आपण किंमतीवर वाद घालीत बसतों आणि ती भीति तशीच राहते. गणिताच्या वर्गांत मला एक अनुभव वारंवार आला: जो मुलगा मोठी पाटी मागे, त्यास बहुधा हातचा धरतां येत नसे. त्यास हातचा शिकवावा. लहान पाटीवरही त्याचें उत्तर बरोबर येतें.