प्रभागाची खबर आणि सभागृहाचे काम

नगरसेवक म्हणजे शहराच्या एका प्रभागातून निवडून आलेला नागरी संस्थेचा सदस्य, ही कायद्याने दिलेली ओळख सोपी आहे. परंतु सातारच्या पेठांतील किंवा सांगलीच्या गावभागातील रहिवाशाला तो ज्या कामांमुळे ठाऊक असतो, ती कामे कायद्याच्या पानांवर क्वचितच आढळतात. तुंबलेले गटार, बंद पडलेला पथदिवा, दोन दिवस न फिरकलेली घंटागाडी, कमी दाबाने येणारे नळाचे पाणी यांसाठी लोक त्याच्या दारी जातात. कायदा मात्र त्याच्याकडून निराळ्या गोष्टींची अपेक्षा करतो: अंदाजपत्रक तपासावे, करांचे दर ठरवावेत, निविदांवर प्रश्न विचारावेत आणि प्रशासनाने केलेल्या कामाचा जाब सभागृहात मागावा. ही दोन्ही कामे एकमेकांना जोडली जातात ती प्रभागाच्या बातमीमुळे. गल्लीतील अडचण सभागृहापर्यंत आणि सभागृहातील निर्णय गल्लीपर्यंत पोहोचला, तरच प्रतिनिधित्वाला अर्थ येतो, आणि या दोन वाटांपैकी दुसरी वाट आजवर फार उपेक्षित राहिली आहे.

साताऱ्यात नागरी कारभाराची परंपरा जुनी आहे. 1848 मध्ये छत्रपतींचे राज्य खालसा झाल्यानंतर, 1850 च्या कायद्यानुसार 1853 साली येथे नगरपालिका स्थापन झाली. सांगली आणि मिरज ही शहरे त्या काळी पटवर्धनांच्या संस्थानांत होती. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि पुढे अर्धशतकाने, फेब्रुवारी 1998 मध्ये, सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका झाली. यामुळे शेजारच्या या दोन जिल्ह्यांच्या मुख्य शहरांत कारभाराचे दोन वेगळे साचे दिसतात. साताऱ्याला 1965 चा नगरपरिषद अधिनियम लागू आहे, प्रशासन मुख्याधिकाऱ्याच्या हाती असते आणि नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडलेला असतो. सांगलीत आयुक्त प्रशासन चालवतो, महापौराची निवड नगरसेवक करतात आणि खर्चाच्या बहुतेक मोठ्या प्रस्तावांवर 16 सदस्यांची स्थायी समिती निर्णय घेते. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे एकट्या नगरसेवकाला कोणताही अंमलबजावणीचा अधिकार नसतो. तो अभियंत्याला विनंती करू शकतो, पत्र देऊ शकतो, पाठपुरावा करू शकतो. आदेश मात्र प्रशासनच काढते. त्याचे खरे बळ सामूहिक आहे, कारण ठराव सभागृहाचा असतो.

हे बळ वापरण्याची जागा म्हणजे सर्वसाधारण सभा, जिला महापालिकेत महासभा म्हणण्याची रूढी आहे. सभेपूर्वी सदस्यांना विषयपत्रिका मिळते, म्हणजे चर्चेला येणाऱ्या प्रस्तावांची क्रमवार यादी. सभेनंतर इतिवृत्त तयार होते, म्हणजे कोणता ठराव कोणी मांडला, कोणी अनुमोदन दिले आणि विरोध कोणाचा होता याची अधिकृत नोंद, जी पुढच्या सभेत कायम केली जाते. प्रभागातील नागरिकाच्या दृष्टीने ही दोन कागदपत्रे फार मोलाची आहेत, कारण आपल्या रस्त्याचे काम मंजूर झाले की पुढे ढकलले गेले, त्यासाठी किती तरतूद झाली आणि ती नंतर दुसरीकडे वळवली गेली का, याचे उत्तर त्यांतच सापडते. विषयपत्रिकेत नसलेले प्रस्ताव ऐनवेळचे विषय म्हणून मंजूर होतात, तेव्हा हीच साखळी तुटते. ज्या विषयाची आधी कोणालाच कल्पना नव्हती, त्यावर नागरिकाने हरकत तरी कधी घ्यावी? स्थानिक वृत्तपत्रांच्या जिल्हा आवृत्त्यांमध्ये सभेतील खडाजंगी आणि सभात्याग यांना ठळक जागा मिळते, आणि ती मिळणे गैर नाही. पण मंजूर झालेल्या ठरावांची साधी, प्रभागवार यादी छापली गेली, तर वाचकाला तिचा उपयोग कितीतरी अधिक होईल.

प्रभागरचनेमुळे जबाबदारीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला आहे. सांगली महापालिकेच्या 2018 च्या निवडणुकीत 20 प्रभागांतून 78 नगरसेवक निवडून आले, म्हणजे बहुतेक प्रभागांना चार आणि दोन प्रभागांना तीन प्रतिनिधी होते. अशा बहुसदस्यीय पद्धतीत वेगवेगळ्या समाजघटकांना आणि निम्म्या जागांवर महिलांना प्रतिनिधित्व देणे सोपे जाते, हा तिचा गुण मानावा लागेल. तिचा दोष असा की, झालेल्या कामाचा फलक लावायला चौघेही पुढे येतात आणि रखडलेल्या कामाचे उत्तर कोणी द्यायचे हे मात्र ठरत नाही. मतदाराजवळ प्रत्येक सदस्याची सभेतील हजेरी, त्याने विचारलेले प्रश्न आणि त्याने सुचवलेली कामे यांची माहिती असेल, तरच तो चौघांमध्ये फरक करू शकतो.

प्रभागाच्या खबरेचे मोल सर्वांत स्पष्टपणे दिसते ते सांगलीच्या पुरात. 1929 साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फुटांत मोजली जाते. 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी मानतात. ऑगस्ट 2019 मध्ये ही पातळी 57 फुटांपर्यंत पोहोचली आणि शहराचा मोठा भाग कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. 2021 च्या जुलैमध्ये ती पुन्हा 50 फुटांच्या पुढे गेली. कोयना धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे (क्युसेक म्हणजे सेकंदाला वाहणारे घनफूट पाणी), वारणेची आवक किती आहे आणि आलमट्टी धरणातून पुढे किती पाणी सोडले जात आहे, हे आकडे शासकीय पत्रकांतून सर्वांना मिळतात. परंतु सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर किंवा कर्नाळ रस्त्यालगतच्या कुटुंबाला हवे असते ते वेगळेच उत्तर: पुलाजवळ अमुक फूट पाणी झाले, तर आपल्या घराच्या पायरीला ते केव्हा लागेल? आकड्याचे गल्लीत रूपांतर करण्याचे हे काम वर्षानुवर्षांच्या अनुभवावर चालते, आणि ज्या नगरसेवकाला आपल्या प्रभागातील सखल जागा, नाल्यातून उलटे चढणारे पाणी, एकटे राहणारे वृद्ध, जनावरे असलेली घरे आणि निवाऱ्यासाठी उघडता येणाऱ्या शाळा माहीत असतात, त्याचा शब्द त्या रात्री कोणत्याही पत्रकापेक्षा अधिक कामाचा ठरतो. पूर ओसरल्यावर हेच ज्ञान पंचनाम्यांच्या वेळी, म्हणजे नुकसानीची जागेवर जाऊन केलेली नोंद होत असताना, पुन्हा उपयोगी पडते. ते व्यक्तीच्या स्मरणात न राहता प्रभागाच्या नकाशावर आणि नोंदीत उतरले पाहिजे, कारण नगरसेवक बदलतो आणि नदी तिथेच राहते.

पुरासारखे संकट नसतानाही प्रभागपातळीवरील संवाद काय करू शकतो, हे या भागातील लहान शहरांनी दाखवून दिले आहे. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांच्या गटात 2020 मध्ये कराड, 2021 मध्ये विटा आणि 2022 मध्ये पाचगणी यांनी देशात पहिला क्रमांक मिळवला; सलग तीन वर्षे हा मान सातारा आणि सांगली जिल्ह्यांतच राहिला, ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे यंत्राने साधत नाही. त्यासाठी दारोदार जाऊन समजावणे, न ऐकणाऱ्याकडे पुन्हा जाणे आणि घंटागाडीच्या कामगारांची अडचण ऐकून घेणे लागते, आणि अशा कामात मुख्याधिकारी, सफाई कामगार, नगरसेवक आणि रहिवासी यांच्यात रोजची बातचीत नसेल तर मोहीम महिनाभरातच थंडावते.

या पार्श्वभूमीवर प्रशासकांच्या कारकिर्दीचा विचार करायला हवा. सातारा नगरपालिकेची मुदत डिसेंबर 2021 मध्ये आणि सांगली महापालिकेची ऑगस्ट 2023 मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात असल्याने निवडणुका लांबल्या आणि साताऱ्यात चार वर्षे, तर सांगलीत सुमारे अडीच वर्षे लोकनियुक्त सभागृहच नव्हते. सभागृहाचे आणि प्रशासनाचे दोन्ही अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रशासकाकडे, आल्यावर फायली कदाचित वेगाने हलतात. पण विरोधी मत नोंदवणारे कोणी उरत नाही, चर्चा होत नाही आणि त्यामुळे बातमीही होत नाही. याच काळात साताऱ्याचे नवे नागरिक सर्वाधिक अडचणीत सापडले. सप्टेंबर 2020 च्या हद्दवाढीने शाहूपुरी, विलासपूर यांसारख्या उपनगरांचा शहरात समावेश झाला, त्यांच्या ग्रामपंचायती संपल्या, आणि ग्रामसभेत उभे राहून प्रश्न विचारण्याची सवय असलेल्या या लोकांना नगरपालिकेत आपला प्रतिनिधी मिळण्यासाठी पाच वर्षे थांबावे लागले.

ग्रामसभेसारखे व्यासपीठ शहरांना नाहीच असे नाही. 1993 मध्ये अंमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, त्यामुळे पाच लाख वस्तीच्या सांगलीला त्या लागू होतात आणि त्याहून बऱ्याच लहान साताऱ्याला होत नाहीत. 2009 मध्ये राज्याने कायद्यात क्षेत्रसभेची तरतूदही केली, म्हणजे मतदान केंद्राच्या परिसरातील मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातील कामांचा अग्रक्रम सुचवावा अशी व्यवस्था. ती राज्यात फारशी प्रत्यक्षात उतरलेली नाही. आता डिसेंबर 2025 मध्ये साताऱ्यात 25 प्रभागांतून 50 नगरसेवकांसाठी आणि जानेवारी 2026 मध्ये सांगलीत निवडणुका झाल्या आहेत. क्षेत्रसभा भरवण्यासाठी या सभागृहांना मोठा निधी लागणार नाही. शाळेचे एक सभागृह, आठवडाभर आधी लावलेली सूचना, प्रभागातील मंजूर कामांची रकमेसह यादी आणि झालेल्या चर्चेचे लिहिलेले इतिवृत्त एवढ्यावर पहिली सभा भरू शकते, आणि ग्रामसभेचा सराव अजून न विसरलेल्या शाहूपुरीसारख्या भागातून तिची सुरुवात करणे सर्वांत सोपे जाईल.