घरी बांधलेलं विमान (भाग ७) : तीन काटे आणि एक ओळंबा

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मुंबईकरांनी पाहिलं, नोव्हेंबर २०१७मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२०मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं. मधली इतकी वर्षं कुठे गेली, असं विचारलं की लोक कागदपत्रांकडे बोट दाखवतात. कागदांनी वेळ खाल्ला, हे खरंच आहे. पण कोणी कागद मागितला नसता तरी बांधणाऱ्याने स्वतःच्या जिवासाठी काही गोष्टी सिद्ध करायलाच हव्यात. त्यातली पहिली म्हणजे वजन आणि तोल.

काम सोपं दिसतं. दारं-खिडक्या बंद असलेली शेड, कारण वाऱ्याची झुळूकही पंख उचलते आणि काटा खोटं बोलतो. पाणसळ लावून विमान समतल करायचं आणि तिन्ही चाकांखाली एकेक वजनकाटा ठेवायचा. मग नाकाच्या टोकापासून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करायची. ही आपली शून्य रेषा. प्रत्येक चाक तिच्यापासून किती लांब, ते टेपने मोजायचं.

समजा, पुढचं चाक अर्ध्या मीटरवर आहे आणि त्यावर १२० किलो भार आहे. मागची दोन चाकं २.१ मीटरवर, त्यांच्यावर मिळून ४२४ किलो. वजनाला अंतराने गुणायचं : ६० आणि ८९०.४. बेरीज ९५०.४. तिला एकूण ५४४ किलोंनी भागलं की १.७५ मीटर येतात. हा गुरुत्वमध्य. पंखाची पुढची कड १.४ मीटरवर असेल आणि पंखाची रुंदीही १.४ मीटर असेल, तर गुरुत्वमध्य पंखाच्या कडेपासून साधारण पंचवीस टक्क्यांवर पडला. उत्तम जागा. यात पायलट, प्रवासी आणि पेट्रोल धरून हाच हिशेब पुन्हा करायचा, टाकी भरलेली असताना आणि रिकामी असतानाही.

गुरुत्वमध्य फार पुढे गेला तर नाक उचलत नाही आणि धावपट्टी संपते. फार मागे गेला तर त्याहून वाईट : नाक आपोआप वर जातं, वेग पडतो, पंखाची उचल तुटते आणि नियंत्रणाचा दांडा पुढे ढकलूनही नाक खाली येत नाही. म्हणून शेपटीकडचं वजन मला सगळ्यात जास्त धास्तीचं वाटतं. तिथे हौसेने चढवलेला रंग आणि लांबी मिळून चारच किलो धरा, शून्य रेषेपासून साडेपाच मीटरवर. गुरुत्वमध्य पावणेतीन सेंटिमीटर मागे सरकतो, म्हणजे पंखाच्या रुंदीच्या दोन टक्के. बऱ्याच लहान विमानांत पुढची आणि मागची हद्द यांत जेमतेम पंधरा-वीस टक्के जागा असते. रंग दिल्यावर विमान पुन्हा काट्यावर चढवायलाच हवं.

एकूण वजनाला आपल्याकडे आणखी एक गोष्ट जोडावी लागते, ती म्हणजे ऊन. बुलढाणा शहर घाटावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर. मे महिन्याच्या दुपारी चाळीस अंशांत तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण सतराशे मीटरवर असल्यासारखं वाटतं. टर्बो नसलेल्या इंजिनाची जवळपास सहावा हिस्सा ताकद तिथेच जाते. इंजिनाचा पंखा कमी ओढतो, उडण्यासाठी जास्त वेग लागतो आणि धाव लांबते. घाटाखाली खामगाव-मलकापुरात उंची कमी, पण पारा चढा, त्यामुळे फारसा फरक पडत नाही. म्हणून पहिली चाचणी भल्या पहाटे, एकट्या पायलटने करावी.

पंखाची ताकद अजून राहिली. पुढच्या आठवड्यात पंख उलटा बांधून त्यावर वाळूची पोती रचू आणि तो किती वाकतो ते मोजू.